काळीत मशीन मुकं का होतं?

यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदार भावांचा प्रश्न आहे. वडिलांच्या काळात शेतात पीव्हीसीची मेन लाइन टाकली होती, ती नेमकी कुठून गेली हे आता घरात कुणालाच आठवत नाही. नवी बोअर तिला जोडायची म्हणून जूनच्या शेवटी त्यांनी जीपीआरवाला बोलावला, म्हणजे रेडिओ लहरींनी जमिनीखालच्या वस्तू शोधणारं मशीन वापरणारा माणूस. तो दिवसभर गाडा ओढत फिरला, पडद्यावर धुरासारखं काहीतरी दिसलं आणि "इथे लाइन नाही" असं सांगून पैसे घेऊन गेला. गंमत अशी की त्याच माणसाने, त्याच मशीनने, साक्रीकडे या भावांच्या मेहुण्याच्या शेतात तासाभरात लाइन दाखवून दिली होती. मग मशीन बिघडलं, माणूस कच्चा, की जमिनीतच काही आहे, असं ते विचारतात. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की मेटल डिटेक्टर घेतला तर काम होईल का.

जमिनीतच आहे. मशीनला मी दोष देणार नाही. माणसाला थोडा देईन, कारण त्याने "मला दिसली नाही" म्हणायच्या जागी "लाइन नाही" म्हटलं. या दोन वाक्यांमधलं अंतर काळ्या जमिनीत फार मोठं असतं. जमिनीखालच्या लाइन आणि वस्तू शोधायच्या या धंद्यात माझी १९ वर्षं झाली, त्यातली बहुतेक धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्याच मातीत. हे अंतर मीही ठेच लागल्यावर शिकलो. सुरुवातीच्या काळात, ऐन श्रावणात, एका रस्त्याच्या कामावर मी ठेकेदाराला "दीड मीटरपर्यंत काही नाही, खोदा" असं छातीठोक सांगितलं होतं. जेसीबीच्या तिसऱ्याच घासाला गावाची पाण्याची लाइन फुटली. सव्वा मीटरवर होती. गावाला दोन दिवस पाणी नव्हतं आणि मी त्या गावच्या स्टँडवर चहा प्यायलाही पुढची दोन वर्षं उतरलो नाही. पडदा स्वच्छ होता हे खरं. पण तो स्वच्छ होता कारण सिग्नल तिथपर्यंत पोचतच नव्हता. अंधाऱ्या खोलीत डोकावून "खोली रिकामी आहे" म्हणण्यातला प्रकार.

आता मातीत नेमकं काय होतं ते बघू. जीपीआर जमिनीत रेडिओ लहरींचा ठोका सोडतो आणि परत आलेला ठोका ऐकतो. लहर परत फिरते ती दोन पदार्थांच्या हद्दीवर, आणि तेही त्या दोघांचा विजेच्या बाबतीतला स्वभाव वेगळा असेल तरच. म्हणजे दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: लहर खाली जाऊन परत येईपर्यंत जिवंत राहिली पाहिजे, आणि पाइप व माती यांच्यात फरक पाहिजे. काळी जमीन पहिल्या अटीवर मारते. दुसऱ्या अटीचं तिच्यात कधी बरं चालतं, कधी वाईट, ते पुढे येईलच.

आपली काळी ही बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, झिजून झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जबर, आणि ती चिकणमातीही मॉन्टमोरिलोनाइट जातीची, जी पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की तडकते. या मातीच्या कणांवर विद्युतभार असतो, त्यांच्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा आणि त्या पाण्यात क्षार. थोडक्यात, ओली काळी ही वीज वाहून नेणारी माती. आणि वीज वाहणाऱ्या मातीत रेडिओ लहर उष्णता होऊन जिरते.

आकड्यांत सांगतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय हे किती भयंकर आहे ते पटत नाही. तापीच्या पात्रातली कोरडी वाळू घ्या. तिची वाहकता मीटरला १ मिलिसीमेन्स धरली, तर लहर एक मीटर खाली जाऊन परत येईपर्यंत तिची साधारण ७० टक्के ऊर्जा शिल्लक राहते. आता ओली काळी घ्या, वाहकता ५० मिलिसीमेन्स. तोच एक मीटर जाऊन-येऊन प्रवास केला की दोन हजारांतला जेमतेम एक भाग उरतो. दोन मीटरवरून यायचं असेल तर चाळीस लाखांतला एक. यात लहर पसरत जाते त्याचा तोटा मी धरलेलाच नाही, नुसतं मातीने खाल्लेलं सांगतोय. म्हणून जाहिरातीत लिहिलेली "पाच मीटर खोली" वाचून मशीन घेणाऱ्यांना मी एकच विचारतो: कुठल्या मातीत?

तुमच्या रानात यावर आणखी दोन भर पडल्या. पहिली म्हणजे ठिबक. केळीची मुळं कधी सुकू द्यायची नसतात, त्यामुळे वरचा दीड-दोन फुटांचा थर बारमाही ओला. दुसरी म्हणजे ठिबकमधून सोडलेली खतं. युरिया स्वतः फार वीज वाहत नाही, पण पांढरं पोटॅश, अमोनियम सल्फेट, कॅल्शियम नायट्रेट हे पाण्यात विरघळले की क्षारच. म्हणजे आधीच वाहक असलेल्या मातीला तुम्ही रोज थोडं मीठ पाजताय. मशीनच्या दृष्टीने बोलतोय, केळीच्या दृष्टीने नव्हे. त्यात जूनचा शेवट, मृग बरसून गेलेला. साक्रीकडची जमीन म्हणजे वर वीतभर भरड माती आणि खाली मुरूम. पाणी पडलं की निथळून जातं, चिकण कमी, क्षार कमी. तिथे ४०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने दोन मीटर आरामात दिसतं. तुमच्याकडे त्याच अँटेनाला साठ-सत्तर सेंटीमीटर मिळाले असतील तर मी त्याला नशीब म्हणेन.

ठिबकवरून एक किस्सा आठवला. रावेरकडे एका बागेत नव्या मुलाला मशीन देऊन पाठवलं, तर संध्याकाळी तो खुशीत आला: "दादा, बावीस लाइन सापडल्या!" पुरलेला पाइप पडद्यावर कमानीसारखा दिसतो. पाहिलं तर दर पाच फुटांवर एक सुबक कमान. प्रत्येक ड्रिपरखाली ओल्या मातीचा कांदा तयार झालेला असतो ना, त्याच्या त्या कमानी. केळीची लागण पाच बाय पाचवर होती.

मग काळीत जीपीआर वापरायचाच नाही का? वापरायचा, पण हंगाम बघून. लोकांना वाटतं सगळ्यात कोरडा महिना म्हणजे मे, तेव्हा सगळ्यात चांगलं दिसेल. मुरमात आणि वाळूत ते खरं आहे. काळीत नाही. आखाजीच्या सुमाराला काळी इतकी तडकते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. प्रत्येक भेग म्हणजे हवेची उभी फट, आणि लहरीला हवेची फट पाइपाइतकीच ठसठशीत दिसते. पडद्यावर शेकडो तिरक्या रेघा उमटतात, गाडा उड्या मारतो, अँटेना जमिनीला नीट टेकत नाही. आणि एवढं करून दोन फुटांखाली माती ओलसरच असते, कारण चिकणमाती पाणी सहज सोडत नाही. माझा अनुभव असा की काळीसाठी चांगला काळ म्हणजे रब्बी निघाल्यापासून होळीच्या आसपासपर्यंत: वरची ओल गेलेली, भेगा अजून बारीक. तेव्हाही ४०० ऐवजी २०० मेगाहर्ट्झ किंवा त्याखालची अँटेना लावायची. खालची फ्रिक्वेन्सी जास्त खोल जाते, पण तिची लहर लांब असल्याने बारीक वस्तू तिला दिसत नाही. ओल्या काळीत २०० मेगाहर्ट्झची लहर जवळपास ३० सेंटीमीटर लांब असते. तिच्यापुढे ६३ मिलिमीटरचा पाइप म्हणजे बैलगाडीच्या चाकाखाली आलेला हरभरा. आमच्याकडे ढोबळ अंदाज असा की वस्तूच्या जाडीच्या दहापट खोलीपर्यंत आशा धरावी. ११० मिलिमीटरचा पाइप तीन फुटांवर असेल तर प्रयत्न करून बघू, ६३ चा असेल तर मी आधीच हात जोडतो.

आता ती दुसरी अट, फरकाची. यात एक गोष्ट आहे जी मला कुणी शिकवली नाही, हिशेब मांडल्यावर लक्षात आली, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. पाइप भरलेला असताना शोधायचा की रिकामा? उत्तर मातीवर आहे. लहरीच्या हिशेबात प्रत्येक पदार्थाला एक डायलेक्ट्रिक आकडा असतो: हवेचा १, कोरड्या वाळूचा ४ च्या आसपास, ओल्या काळीचा २५ धरा, पाण्याचा ८० च्या वर. ओल्या काळीत पाण्याने भरलेला पाइप असेल तर हद्दीवरून जेमतेम ८ टक्के ऊर्जा परत फिरते, कारण ओली माती आणि पाणी ही भावकीच. तोच पाइप रिकामा करा, आत हवा आली की ४४ टक्के. कोरड्या वाळूत बरोबर उलटं: रिकाम्या पाइपावरून ११ टक्के, भरलेल्यावरून ४० टक्के. हे आकडे सपाट हद्दीसाठी आहेत, गोल आणि बारीक पाइपाला प्रत्यक्षात खूप कमी मिळतं, पण कुठे फायदा आहे ती दिशा बदलत नाही. तेव्हा काळीत स्कॅन करायच्या आदल्या दिवशी मोटर बंद करून वॉश-आऊटचा वॉल्व्ह उघडून लाइन पूर्ण रिकामी करा, आणि वाळूत किंवा कोरड्या मुरमात असाल तर भरून वॉल्व्ह बंद करा. फुकटातला उपाय आहे. अर्थात सिग्नल पाइपापर्यंत पोचत असेल तर.

खोलीच्या आकड्यावरही माती अशीच फसवते. मशीन खोली मोजत नाही, वेळ मोजतं. लहर कोरड्या मुरमात नॅनोसेकंदाला साधारण १० सेंटीमीटर धावते, ओल्या काळीत ६. साक्रीहून आलेल्या माणसाने मशीनचं सेटिंग १० वरच ठेवलं आणि तुमच्याकडे २० नॅनोसेकंदांवर कमान आली, तर पडदा म्हणेल एक मीटर. पाइप असेल ६० सेंटीमीटरवर. मजूर निवांत टिकाव घालतो, "अजून दीड फूट आहे" म्हणून, आणि पाइप फुटतो. म्हणून रानात पोचल्यावर आधी एखादी माहीत असलेली वस्तू शोधून वेग ठरवायचा. बांधाजवळ नाहीतर वॉल्व्हच्या खड्ड्याशी पाइप उघडा दिसतोच, त्याची खोली टेपने मोजा, मग त्याच्या शेजारी गाडा फिरवा. काहीच नसेल तर एक पहार आडवी पुरा. याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात पाइप वा पहार दिसलीच नाही तर गिऱ्हाइकाला तिथेच सांगून टाकायचं की आज या मातीत हे यंत्र चालणार नाही, फक्त येण्या-जाण्याचं भाडं द्या. तुमच्या जीपीआरवाल्याने ही चाचणी घेतली होती का, हे त्याला जरूर विचारा.

साक्रीचं इतकं कौतुक केलं म्हणून मुरूम सोपा समजू नका. मुरमात लहर जाते भरपूर, पण दिसतंही भरपूर. काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सोलत जातो आणि मधला कडक गोटा शिल्लक राहतो. फूट-दीड फुटाचा असा प्रत्येक गोटा पडद्यावर पाइपासारखीच कमान काढतो. यावल-रावेर-चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी तर डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा थरच्या थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पाणी मुरायला उत्तम, आमच्यासाठी डोकेदुखी. तिथे उपाय एकच: अर्ध्या-अर्ध्या मीटरवर समांतर फेऱ्या मारा. गोट्याची कमान एका फेरीत दिसते आणि पुढच्या फेरीत गायब होते. पाइपाची कमान फेरीमागून फेरी एका रेषेत चालत जाते. एका फेरीवरून खूण करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय कमान फारच पसरट असेल, तिच्या पसरटपणावरून काढलेला लहरीचा वेग हवेतला, म्हणजे नॅनोसेकंदाला ३० सेंटीमीटर निघत असेल, तर ती जमिनीतली नव्हेच. विजेचा खांब, पत्र्याचं शेड, बाजूला उभी केलेली तुमची बोलेरो, यांच्यावरून हवेतून आलेली ती परत-लहर.

मुरमाचा एक मोठा गुण मात्र आहे. त्यात एकदा चर खणला की त्याच्या भिंती वर्षानुवर्षं टिकतात. पाइप नाही दिसला तरी चर दिसतो, कारण परत भरलेली माती मोकळी आणि जास्त ओलावा धरणारी. काळी हा पुरावाही खाऊन टाकते. दरवर्षी भेगा पडतात, वरची माती त्यांत ओघळते, पावसाळ्यात फुगून ती वर ढकलली जाते. माती स्वतःच स्वतःला नांगरत असते म्हणा. दहा-पंधरा वर्षांत चराच्या कडा पुसट होतात. याच फुगण्या-आकसण्याने पाइपाचे सांधे निखळतात आणि सरळ टाकलेली लाइन कुठे कुठे हातभर सरकलेली सापडते.

तरीही काळीत एक जुना पुरावा उरतो, आणि तो पाहायला मशीन लागत नाही. शिंदखेड्याकडे एका म्हाताऱ्या बाबांनी मला गव्हाच्या शेतात उभं करून म्हटलं होतं, "भाऊ, मशीन कसाले फिरावस? ती रेघ देख." पिकातून हिरवीगार रेघ सरळ गेली होती, बाकीचा गहू पिवळसर पडायला लागलेला. खालच्या चरातली मोकळी माती ओल जास्त दिवस धरून होती. लाइन त्याच रेघेखाली निघाली. मी त्या दिवशी अर्धेच पैसे घेतले, आणि तेही लाजत.

आता मेटल डिटेक्टरकडे. पीव्हीसी पाइपासाठी तो निरुपयोगी आहे, हे उघडच. पण लोखंडी वॉल्व्ह, जस्त चढवलेल्या लोखंडी (जीआय) पाइपाचा तुकडा, पुरलेलं चेंबरचं झाकण यासाठी लोक वापरतात, आणि इथे माती वेगळ्याच कारणाने त्रास देते. डिटेक्टर काही किलोहर्ट्झवर चालतो, त्या फ्रिक्वेन्सीला मातीचा ओलावा आणि चिकण यांचं फारसं सोयरसुतक नसतं. तिथे शत्रू म्हणजे मातीतलं लोह. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, तो झिजला की ते मातीत उतरतात, काहींचं मॅगहेमाइट हे तसंच चुंबकीय खनिज होतं. खात्री करायची तर प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून कोरड्या मातीतून फिरवा आणि पिशवीला चिकटलेली काळी भुकटी बघा. गिरणेच्या किंवा पांझरेच्या वाळूत ज्या काळ्या रेघा दिसतात, त्याही बऱ्याच अंशी याच. डिटेक्टरला आपली सगळी जमीनच थोडी थोडी लोखंडाची वाटते. वीटभट्टीची जुनी जागा, चुलाणं, पऱ्हाटी जाळलेलं ठिकाण इथे तर आणखी, कारण माती भाजली की तिचं चुंबकत्व वाढतं.

म्हणून ग्राउंड बॅलन्स न करता डिटेक्टर फिरवणं म्हणजे मोटारसायकल चालू ठेवून शेजारच्या घरातली कुजबुज ऐकणं. जिथे धातू नाही अशी जागा बघून कॉइल जमिनीवर वर-खाली करायची आणि आवाज सम होईपर्यंत बॅलन्स जुळवायचा. आणि हे एकदाच करून भागत नाही, काळीतून पोयट्यात गेलात की पुन्हा, बांध ओलांडला की पुन्हा. संवेदनशीलता पूर्ण चढवण्याचा मोह होतो, पण इथल्या मातीत ती कमी केल्याने खोली वाढते, ऐकायला उलटं वाटलं तरी. लहान कॉइलही कामाची, कारण ती एका वेळी कमी माती बघते.

अमळनेरकडच्या एका ताईंची मंगळसूत्राची वाटी कापूस वेचताना पडली होती. घरच्यांनी दोन दिवस माती चाळली. माझ्याकडे आले तेव्हा मी आधी विचारलं, भेगा किती आहेत? होत्या, बोट जाईल इतक्या. अशा वेळी वस्तू पडलेल्या जागी पण वीतभर खाली सापडायची शक्यता जास्त. एवढ्याशा सोन्याला आमच्या मातीत दहा-बारा सेंटीमीटरच्या खाली डिटेक्टर ओळखेल याची खात्री नसते. मग आम्ही त्या दोन ओळींत कुदळीने मातीचा चार बोटांचा थर काढून बाजूला, पत्र्यावर नव्हे, प्लॅस्टिकवर पसरला, त्यावर कॉइल फिरवली, मग उघड्या पडलेल्या जमिनीवर. दुसऱ्या थरात वाटी मिळाली. खोली वाढवता येत नसेल तर माती कमी करायची, एवढाच त्यातला शहाणपणा. ताईंनी सगळ्यांना पुरणपोळी घातली, तीही वीज नसताना चुलीवर.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र, कुणीतरी सुचवेलच. कारखान्याच्या आवारात पुरलेली मोठी लोखंडी टाकी शोधायला तो ठीक आहे. पण आपल्या दगडाला स्वतःचं जन्मजात चुंबकत्व आहे. लाव्हा थिजला तेव्हाची पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यात गोठून राहिली आहे, आणि दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे. मुरमात चार फुटांवरचा एखादा गोटासुद्धा खिळ्यांच्या डब्याइतका सिग्नल देऊ शकतो. धुळे-नंदुरबारच्या त्या लांबच लांब डाइक, शिवारात भिंतीसारख्या धावणाऱ्या दगडी रेषा, त्या मात्र मॅग्नेटोमीटरने छान दिसतात. पण तो पाण्याचा विषय झाला.

रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीत खिळे ठोकून करंट सोडायचा आणि मातीचा विरोध मोजायचा या पद्धतीचं, गणित पुन्हा उलटं. ओली काळी वीज वाहते म्हणून तिथे खिळे ठोकले की लगेच संपर्क मिळतो, रीडिंग झरझर येतं, पण करंट वरच्याच थरात पळतो, खाली जायला तयार होत नाही. मुरमात खिळ्याशी मिठाचं पाणी ओतत बसावं लागतं. मुक्ताईनगरहून पुढे पूर्णेच्या कडेकडेने वऱ्हाडात शिरलात की खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा आणि क्षारांच्या मातीचा पट्टा, लागतो. तिथे जीपीआर मी गाडीतून उतरवतही नाही.

एक वेगळी माती राहिली, पांढरी. गावठाणाची जुनी, राखाडी, भुसभुशीत माती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची. काळी कसायची आणि पांढरी वसायची, अशी आपल्याकडची जुनी वाटणी. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे, तिथल्या टेकाडात १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. गिरणेकाठचं बहाळही तसंच. मातीच्या दृष्टीने सांगायचं तर पांढरी काळीपेक्षा मोकळी, त्यामुळे लहर बरी जाते, पण राखेत क्षार असतात, खापरांचा खच असतो, आणि भाजलेल्या मातीमुळे डिटेक्टर सारखा किंचाळतो. हे लिहायचं कारण वेगळं आहे. महिन्याला एक तरी फोन येतो, "दादा, आमच्या पांढरीत गुप्तधन आहे, मशीन घेऊन या, निम्मं तुमचं." जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वरचं कुठलंही धन कलेक्टरला कळवावं लागतं, हा कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. संरक्षित जागेवर विनापरवाना खोदणं हा तर वेगळाच गुन्हा. आणि हातात अँटेना धरून "शंभर मीटरवरचं सोनं" दाखवणारी जी मशीन गावोगाव फिरतात, त्यांना कुठलीच माती अडवत नाही. यावरूनच काय ते समजा.

आता तुमच्या रानाचं. पुढच्या होळीपर्यंत थांबायची तयारी असेल तर लाइन रिकामी करून, २०० मेगाहर्ट्झने, चाचणी घेऊन पुन्हा प्रयत्न करता येईल. त्याआधी घरी दोन गोष्टी बघा. मृदा आरोग्य पत्रिकेवर ईसीचा, म्हणजे विद्युतवाहकतेचा, आकडा असतो. तो पाण्यात कालवलेल्या मातीचा असतो, रानातल्या वाहकतेइतका नसतो, पण दोन शेतांची तुलना करायला पुरतो. तो १ च्या आसपास असेल तर जीपीआरचा नाद सोडा. दुसरं, दोन फुटांवरची माती मुठीत घेऊन तिची बोटभर लांब सुरळी वळते का बघा. न तुटता वळली, आणि वाकवून कडं झालं, तर तेच उत्तर.

पण मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो. लाइनचं एक टोक तुम्हाला माहीत आहे, जुन्या विहिरीवरचं. तिथून पाइपात लवचिक फायबरचा रॉड सारायचा, त्याच्या तोंडाशी ३३ किलोहर्ट्झचा छोटा सोंडे, म्हणजे टॉर्चएवढा ट्रान्समीटर. वर एक माणूस लोकेटर, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारं यंत्र, घेऊन चालतो आणि सोंडे जिथे जाईल तिथे चुना टाकत जातो. एवढ्या खोलीला या फ्रिक्वेन्सीवर ओली काळी जवळजवळ पारदर्शक आहे, जून असो की श्रावण. ज्या मातीने जीपीआरला मुकं केलं तीच इथे आड येत नाही. रॉड एल्बोपाशी अडेल, तर अडलेल्या जागी खड्डा करून तिथून पुढे सारायचा. तुमच्या भागात बोअरमध्ये कॅमेरा सोडणारे लोक आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी हे साहित्य असतं, विचारून बघा.

आणि बोअरची नवी लाइन टाकाल तेव्हा चर बुजवायच्या आधी पाइपावर एक इन्सुलेटेड तांब्याची तार सोडा, दोन्ही टोकं वॉल्व्ह बॉक्समध्ये वर काढून ठेवा, म्हणजे पुढे कधीही तारेत सिग्नल सोडून लोकेटरने लाइन शोधता येईल. टोकाला पावसाचं पाणी लागून ती हिरवी पडू नये म्हणून त्यावर ग्रीस भरलेली टोपी घाला.